पत्त्याचा रकाना

धुलाई कारखान्यात साडेतीनशे माणसं कामाला होती आणि त्यांतल्या जेमतेम चौघांना तिचं खरं नाव माहीत होतं. बाकीच्यांसाठी ती कुलूपबाई. समोर आली की नुसतं 'बाई', पाठ वळली की 'कुलूपबाई'. हे तिच्या कानावर कधीच गेलं होतं. रागावण्याऐवजी तिला त्याचा थोडा गर्वच वाटायचा, आणि तो गर्व तिनं आपल्यापाशीच ठेवला होता.

तिची खोली कारखान्याच्या माडीवर, कपडे सुकवण्याच्या मोठ्या पिंपांच्या बरोब्बर डोक्यावर. खाली पिंपं फिरायला लागली की वर फरशी थरथरायची आणि टेबलावरचा चहाचा कप हळूहळू कडेकडे सरकायचा. बोलता बोलता, नजरही न वळवता, हात लांब करून कप मधे ओढून घ्यायची तिला सवय झाली होती. भिंतींना बारा महिने वाफेचा आणि साबणाचा वास. ह्या खोलीत बसून ती कारखान्याचा सगळा कॉम्प्युटरचा प्रोग्राम एकहाती सांभाळायची. अगदी एकहाती नाही म्हणा. शेजारच्या टेबलावर एक चाळिशीचा गृहस्थ होता. कामाला चांगला, पण प्रत्येक गोष्ट कालच व्हायला हवी होती अशा थाटात करणारा. त्याला सगळे गडबड्या म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

ती ह्या कारखान्यात आली ती एकोणिसाव्या वर्षी, खुणा घालायला. कुठल्या इस्पितळाची चादर, कुठल्या हॉटेलचा टॉवेल हे धुऊन झाल्यावर कळावं म्हणून कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईनं खूण घालायची. चार वर्षं तिची बोटं काळीच होती. मग एक दिवस मालकांनी कॉम्प्युटर आणला. तो दोन महिने प्लॅस्टिकच्या आवरणाखाली तसाच बसून होता, कारण हात लावला आणि बिघडला तर कोणाच्या गळ्यात पडेल ह्या भीतीनं कोणी जवळ फिरकत नव्हतं. त्याच्याबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक ती जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. सहा महिन्यांनी त्या यंत्राशी बोलू शकणारी साऱ्या कारखान्यात ती एकटीच होती.

आता तिला कुलपांचं एवढं वेड का, ते सांगायला हवं. लहानपणी दोन खोल्यांत सात माणसं. कपाट एक, आरसा एक, आणि दार असं एकच, तेही रस्त्यावर उघडणारं. चौदाव्या वर्षी तिनं एका वहीत रोज चार ओळी लिहायला सुरुवात केली. महिन्याभरात थोरल्या भावानं ती वही शोधून काढली आणि सगळे जेवायला बसलेले असताना मोठ्यानं वाचून दाखवली. 'ह्या घरात मला मांजर सोडून कोणीच आवडत नाही' ह्या वाक्याला वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. ती रडत उठली, तर आई म्हणाली, "घरातल्या घरात काय लपवायचं असतं गं?" तिनं वही चुलीत घातली. त्यानंतर तिनं स्वतःबद्दल कधी एक ओळ लिहिली नाही. पुढे लग्न केलं तेही घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका अबोल माणसाशी. तो तिच्या नावाचं पाकीट आलं की ते न उघडता खिडकीत ठेवून द्यायचा. एवढ्या एका गुणावर आपण त्याला पसंत केलं, असं ती आजही उघड सांगते.

तर त्या जाडजूड पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात तिला तो शब्द भेटला. प्रोग्राममध्ये माणसाची नोंद म्हणजे एक रचना असते. त्या रचनेत रकाने: नाव, नंबर, विभाग, पाळी, फोटो, फोन, पत्ता, आजारपण. आणि प्रत्येक रकान्याच्या आधी एक शब्द लिहिता येतो. 'पब्लिक' लिहिलं तर प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोणीही यावं आणि तो रकाना वाचावा. 'प्रायव्हेट' लिहिलं तर बाहेरच्या कोणालाही तो दिसतसुद्धा नाही. वाचायचा प्रयत्न केला तर प्रोग्राम तयारच होत नाही, तिथल्या तिथे अडतो. तिनं खात्री करायला एक रकाना बंद केला आणि बाहेरून वाचून पाहिला. यंत्रानं साफ नकार दिला. ती एकटीच खोलीत मोठ्यानं हसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं 'हे माझं आहे, हात लावू नका' असं म्हटलं होतं आणि कोणीतरी मुकाट्यानं ऐकलं होतं!

त्या दिवसापासून तिचा नियम ठरला. रकाना जन्माला येतो तो बंदच. उघडायचा असेल तर कारण द्या. कारणही असं तोंडी चालायचं नाही. ज्या ओळीवर कुलूप काढलं, तिच्या बरोब्बर वरच्या ओळीत उघडणाऱ्यानं स्वतःचं नाव आणि कारण लिहायचं. तेवीस वर्षांत अशा दोनच ओळी लिहिल्या गेल्या होत्या, दोन्ही तिच्याच. एक गेटवर लागणाऱ्या नाव, नंबर, विभाग, पाळी आणि फोटो ह्या रकान्यांवर मिळून होती, तर दुसरी अशी: 'पायाचं माप उघडलं. रबरी बूट घेऊन येणाऱ्या दुकानदाराला हवं आहे.' गडबड्याला हे सगळं थोतांड वाटायचं. "बाई, पायाचं माप कोण चोरून नेणार आहे?" असं तो दर पावसाळ्यात बूट वाटताना विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

गेल्या वर्षी एका दुपारी माडीवर इस्त्री विभागातली एक बाई आली. दारातच उभी राहिली. तिशीची असेल, हात कोपरापर्यंत वाफेनं लालसर झालेले. कामावर लागून तिला जेमतेम महिना झाला होता.

"तुमच्या यंत्रात माझा पत्ता आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे."

"तो कोणाकोणाला दिसतो?"

कुलूपबाईनं खुर्ची वळवली. तेवीस वर्षांत हा प्रश्न तिला एकाही माणसानं विचारला नव्हता. ज्यांच्यासाठी ती इतकी कुलपं लावत आली, त्यांच्यापैकी कोणीतरी पहिल्यांदाच येऊन कुलूप ओढून पाहत होतं.

"बस आधी," ती म्हणाली.

इस्त्रीवाली बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगून टाकलं. नवऱ्याचं घर सोडून तिला आठ महिने झाले होते. ह्याआधी ती एका शिवणकामाच्या कारखान्यात होती. तिथे सगळ्या बायकांचे पत्ते कागदावर छापून दारामागे लावले होते, कोणाला अडचण आली तर असावेत म्हणून. त्यानं तो कागद वाचला. पुढचं तिनं सांगितलं नाही, फक्त डोक्यावरचे केस बाजूला करून टाक्यांची खूण दाखवली. आता ती मावसबहिणीच्या खोलीत राहत होती, आणि धाकटी मुलगी तिच्याबरोबर होती.

"तुझा पत्ता मला दिसतो आणि नेमणुकीची पत्रं पाठवणाऱ्याला दिसतो," कुलूपबाई म्हणाली. "तिसऱ्या कोणालाही दिसत नाही. मी इथं आहे तोवर दिसणारही नाही."

"नक्की?"

"नक्की."

शब्द देऊन ती मोकळी झाली आणि आठ दिवसांत तो शब्द पाळायची वेळ आली.

जुने व्यवस्थापक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले होते. साहेबांचा एक लाडका शब्द होता, 'पारदर्शक'. कारभार पारदर्शक हवा, माणसं पारदर्शक हवीत. त्यांनी आपल्या खोलीच्या भिंती काचेच्या करून घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी उन्हाचा त्रास होतो म्हणून आतून पडदे लावले. माणूस वाईट नव्हता. पहिल्या पाळीच्या बायकांना पहाटे अंधारात चालत यावं लागतं हे त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्यांच्यासाठी चार गाड्या लावायचं त्यांनीच ठरवलं. ह्याबद्दल कुलूपबाईनं त्यांना मनातल्या मनात शंभर मार्क दिले होते. गुरुवारी सकाळी ते माडीवर आले.

"सोमवारपासून गाड्या. ड्रायव्हरना सगळ्यांचे पत्ते लागतील. तो पत्त्याचा रकाना तेवढा उघडा करून टाका. गडबड्या म्हणाला, एका शब्दाचं काम आहे."

"एकाच शब्दाचं आहे," कुलूपबाई म्हणाली. "पण नाही करणार."

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. खाली पिंपांचा आवाजही होता. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनंही पुन्हा तेच सांगितलं, आणि मधल्या मधे सरकणारा कप ओढून घेतला.

"थांबे ठरवा. कोणत्या थांब्यावर किती माणसं, एवढंच ड्रायव्हरला लागतं," ती म्हणाली. "कोण कुठल्या खोलीत राहतं ते त्याला कशाला?"

"थांबे ठरवायला वेळ नाहीये, बाई. उद्यापर्यंत मला यादी पाहिजे." असं म्हणून साहेब गडबड्याकडे वळले. "तुम्ही करा."

आणि गडबड्यानं केलं. विचार करायला लागणारा वेळ त्याच्याकडे कधीच नसायचा. कुलूपबाई काही बोलायच्या आत त्यानं 'प्रायव्हेट' खोडून 'पब्लिक' लिहिलं आणि बदल चालूसुद्धा केला. वरच्या ओळीत ना नाव, ना कारण.

दहाव्या मिनिटाला गेटवरून फोन आला. गेटवरचा पहारेकरी म्हणजे गोड माणूस, पण कोणी काही विचारलं आणि आपण उत्तर दिलं नाही, असं झालं तर त्याला जेवण जात नसे. "बाई, झकास केलंत हो!" तो आनंदानं ओरडला. "आता कार्ड लावलं की पडद्यावर फोटोखाली घरचा पत्तापण येतोय. एकदम बरं झालं, कोणी विचारायला आलं की सांगता येतं."

कुलूपबाईनं फोन खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. कारण हे गडबड्यानं केलं नव्हतं. हे तिनंच केलं होतं, दहा वर्षांपूर्वी. गेटचा पडदा बनवताना नेमके कोणते रकाने दाखवायचे याची यादी लिहायचा तिनं कंटाळा केला होता. 'जो जो रकाना पब्लिक असेल तो दाखव' असं एका ओळीत उरकलं होतं. तेव्हा पब्लिक होते नाव, नंबर, विभाग, पाळी आणि फोटो. पुढे पायाचं माप उघडलं तेव्हा तेही गेटवर झळकायला लागलं होतं, आणि सगळे हसले होते म्हणून तीही हसली होती. कारखाना भरून कुलपं लावणाऱ्या बाईनं मागचं दार सताड उघडं ठेवलं होतं, आणि त्यावर तेव्हा विनोदही झाला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लाज वाटायला वेळ मात्र तिनं दिला नाही. गडबड्याला बाजूला सारून तिनं रकाना पुन्हा बंद केला. मग चप्पल घालून थेट साहेबांच्या काचेच्या खोलीत गेली आणि गेटवर काय झालं ते सांगितलं.

"गेटवर पत्ता दिसला तर काय बिघडलं?" साहेब म्हणाले. "आपलाच पहारेकरी आहे."

"त्या रचनेत तुमचीही नोंद आहे, साहेब. तुमच्याही घराचा पत्ता होता तिथं मघाशी."

साहेब मनापासून हसले. "असू दे की. माझं घर सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. ज्याच्या मनात काही नाही, त्यानं कशाला लपवायचं?"

तिला तो आवाज ओळखीचा वाटला. जेवणाच्या पानावरून उठताना ऐकलेला, घरातल्या घरात काय लपवायचं असं विचारणारा. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

"तुमचं दार वाजलं तर तुम्ही 'आलो, आलो' म्हणत उघडायला जाता," ती म्हणाली. "काही माणसं दार वाजलं की आधी दिवा विझवतात."

साहेब जरा गंभीर झाले. पुढे वाकून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "कोणासाठी चाललंय हे? नाव सांगा ना. तेवढ्या एकीचा पत्ता आपण झाकून टाकू. बाकीचे तर उघडे करता येतील?"

आता हा माणूस मदतच करू पाहत होता, म्हणून नाही म्हणणं जास्त अवघड होतं. "तीनशे एकोणपन्नास उघडे आणि एक झाकलेला," ती म्हणाली. "मग कोणाकडे काहीतरी आहे, हे शोधायला डोळेसुद्धा लागणार नाहीत. मी साडेतीनशे जणांसाठी बोलतेय."

"बाई, मी हुकूम देतोय." साहेबांचा समजुतीचा सूर संपला. "रकाना उघडा."

"ठीक आहे. चला वर."

साहेबांना वाटलं जिंकलो. ते तिच्यामागोमाग माडीवर आले. तिनं ती रचना पडद्यावर आणली, पत्त्याच्या ओळीच्या वर एक रिकामी ओळ केली आणि कीबोर्ड साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

"हे काय?"

"इथं उघडणाऱ्याचं नाव आणि कारण लिहायचं. तेवीस वर्षांचा नियम आहे. तुम्ही लिहा, मग मी खालचा शब्द बदलते. लगेच. एका मिनिटात."

"माझं कशाला? तुम्ही तुमचं लिहा."

"मी उघडत नाहीये."

"मग ह्यांचं लिहा," साहेबांनी गडबड्याकडे बोट केलं.

गडबड्या सकाळपासून गप्प होता. आपण काय करून बसलो ते त्याच्या पुरतं ध्यानात आलं होतं. तो जागचा हलला नाही. "माझं नको, साहेब," तो सावकाश म्हणाला. त्याला इतकं सावकाश बोलताना त्या खोलीत कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"बरं, 'व्यवस्थापन' असं लिहा."

"व्यवस्थापन कोणाचं नाव आहे?" कुलूपबाईनं विचारलं.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. रिकाम्या ओळीत ती बारीक उभी रेघ लुकलुकत होती. "आणि हे वाचतं कोण?"

"आज कोणीच नाही. पण उद्या ह्या पत्त्यावरून कोणी कोणाच्या दारात पोहोचलं आणि काही झालं, तर पोलीस वाचतील. ओळ नंतर पुसली, तरी कोणी पुसली आणि कधी पुसली तेही राहतं. लिहा साहेब. तुमच्याकडे तर लपवण्यासारखं काही नाही."

साहेबांनी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. मग एक हात उचलून चष्मा पुसला. खाली पिंपं थांबली आणि खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत साहेबांना आठवलं की आपल्याला मीटिंग आहे. "तुम्ही बघा काय ते," ते दाराकडे जाता जाता म्हणाले. "सोमवारी गाड्या सुटल्या पाहिजेत. नाही सुटल्या तर मी कोणाचं ऐकून घेणार नाही." आपल्या घराचा पत्ता अख्ख्या जगाला द्यायला तयार असलेल्या माणसाला आपलं नाव एका ओळीत ठेवायचं नव्हतं. जिन्यावरून त्यांच्या बुटांचा आवाज खाली उतरेपर्यंत ती कशीबशी गंभीर राहिली, आणि मग तिनं आणि गडबड्यानं एकमेकांकडे न बघता हसू दाबलं.

पुढचे साडेतीन दिवस तिनं मान वर केली नाही. आधी गेटचा पडदा नीट केला. दाखवायचे पाच रकाने नावानिशी लिहिले आणि वर स्वतःच्या नावानं ओळ टाकली: 'आधीची चूक माझी.' मग रचनेलाच एक नवी गोष्ट शिकवली. बाहेरून कोणी पत्ता मागितला तर ती देणार नाही, पण 'हिला कोणता थांबा जवळचा?' असं विचारलं तर आतल्या आत पत्ता बघून फक्त थांब्याचा नंबर सांगेल. गडबड्यानं रविवारी सुट्टी असून स्कूटरवर फिरून चौदा थांबे पक्के केले, कुठे दिवा आहे, कुठे उभं राहायला आडोसा आहे ते बघून. सोमवारी पहाटे ड्रायव्हरच्या हातात एक चिठ्ठी पडली. थांबा एक, सहा माणसं. थांबा दोन, अकरा माणसं. गाड्या वेळेवर सुटल्या आणि साहेबांनी सभेत आपल्या पारदर्शक कारभाराचं कौतुक केलं. कुलूपबाईनं टाळ्याही वाजवल्या.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, पहारेकऱ्याचा फोन आला. ह्या वेळी तो कुजबुजत होता.

"बाई, एक गृहस्थ आलेत. बायको हरवलीये म्हणतात. सासूबाई अत्यवस्थ आहेत, तिला कळवायचंय. नाव सांगतायत, फोटो दाखवतायत. फार रडवेला झालाय हो माणूस. तुमच्या पडद्यावर शोधता येत नाही, नाहीतर मीच सांगितलं असतं बिचाऱ्याला. तुम्ही जरा बघता का?"

"काहीही बोलू नका. मी येते."

गेटवर एक नीटस माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. पहारेकऱ्यानं त्याला स्वतःची खुर्ची दिली होती आणि प्यायला पाणी दिलं होतं. कुलूपबाईला बघून तो उठला, अदबीनं झुकला आणि फोटो पुढे केला. तिनं फोटोकडे बघितलं नाही.

"शहरातल्या सगळ्या धुलाया पालथ्या घातल्या," तो म्हणाला. "एवढंच सांगा, ही इथं कामाला आहे का?"

"इथं कोण कामाला आहे आणि कोण नाही, हे आम्ही सांगत नाही."

"अहो, मी नवरा आहे तिचा."

"तरी सांगत नाही."

"म्हणजे आहे."

"सांगत नाही."

"म्हणजे नाही?"

"सांगत नाही."

तो हसला. मग पुन्हा तेच विचारलं, दुसऱ्या शब्दांत. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्याच शब्दांत. तेवीस वर्षं यंत्रानं हे काम तिच्यासाठी केलं होतं, आज तिला स्वतःला करावं लागत होतं. पाचव्यांदा त्याचा आवाज चढला. सातव्यांदा त्यानं फळांची पिशवी गेटवर आपटली आणि तिच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाला, "तुझ्यासारख्या बायांनीच तिला फूस दिलीये. बघून घेईन एकेकीला." तो एक पाऊल पुढे आला. पहारेकरी मधे येऊन उभा राहिला. मघाशी ह्याच माणसाला आपण पाणी दिलं, ह्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"पोलिसांना बोलावू का?" पहारेकऱ्यानं विचारलं.

हे ऐकून तो माणूस मागे सरला आणि अर्धा तास समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. मग त्यानं खिशातून एक कागद काढला, त्यावर काहीतरी खोडलं की लिहिलं ते कळलं नाही, आणि बसथांब्याच्या दिशेनं निघून गेला.

"सरळ 'नाही' म्हणून टाकायचं ना बाई," पहारेकरी घाम पुसत म्हणाला. "एका शब्दात कटकट मिटली असती."

"आज नसलेलीला 'नाही' म्हटलं, तर उद्या असलेलीला काय म्हणणार? गप्प राहिले की लगेच कळेल. म्हणून सगळ्यांना एकच. तुम्हीसुद्धा हेच म्हणायचं. कोणीही येऊ दे, देवमाणूस येऊ दे, नाहीतर कोणाची सख्खी आई."

"मला जमेल का हो?" त्यानं मनापासून विचारलं.

"सराव करा," ती म्हणाली. पण त्या दुपारपुरतं तरी तिनं पोलीस चौकीत फोन करून सांगून ठेवलं आणि पाळी सुटल्यावर सगळ्या गाड्या मागच्या फाटकातून सोडायला लावल्या.

मग ती इस्त्री विभागात गेली. मोठ्या रोलरखाली ओल्या चादरी एका बाजूनं जात होत्या आणि दुसऱ्या बाजूनं कडक होऊन बाहेर पडत होत्या. कानठळ्या बसवणारा आवाज. तिनं इस्त्रीवालीच्या कानाशी तोंड नेलं.

"आला होता."

इस्त्रीवालीचे हात थांबले. चादर तिरकी गेली, चुरगळली, पलीकडून वाकडीतिकडी बाहेर पडली. ती पांढरीफटक पडली होती.

"काय सांगितलंत?"

"काही नाही."

"मी इथं आहे म्हणून?"

"नाही सांगितलं."

"नाहीये म्हणून?"

"तेही नाही सांगितलं. सात वेळा विचारलं त्यानं. सातही वेळा मी म्हटलं, सांगत नाही."

इस्त्रीवालीनं एकदा त्याला 'नाही' म्हटल्यावर काय झालं होतं ते तिच्या केसांखाली होतं. आणि ही दमेकरी, चष्मेवाली, सत्तेचाळीस वर्षांची बाई त्याच्या तोंडावर सात वेळा म्हणून आली होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"परत आला तर मला बोलवा," ती म्हणाली. "मीच जाऊन त्याला सांगते, ती इथं आहे की नाही ते सांगत नाही म्हणून!"

"तू समोर उभी राहिल्यावर मग सांगायचं राहिलं काय, बये?"

इस्त्रीवाली हसायला लागली. इतकी मोठ्यानं, की रोलरच्या त्या आवाजातही ते ऐकू गेलं आणि पलीकडच्या टेबलावर घड्या घालणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

"काय गं, काय झालं?" त्यांनी ओरडून विचारलं. "आम्हालापण सांग की!"

इस्त्रीवालीनं डोळे पुसले, पुढची चादर उचलली आणि दोन्ही टोकं ताणून रोलरखाली घातली.

"सांगत नाही," ती म्हणाली.